वाचकांचे प्रश्न : एफएम केंद्रे आपला बाज का बदलतात?

प्रश्न : आमच्या दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत रेडिओ चालू असतो. पूर्वी सांगली, धारवाड, पणजी ही केंद्रे लागत आणि कोणत्या वेळी काय ऐकायला मिळणार, हे आम्हाला पाठ असे. आता एखादे एफएम केंद्र आवडू लागते न लागते तोच त्याचे निवेदक बदलतात, जुनी गाणी जाऊन नवी येतात, मराठी कमी होऊन हिंदी वाढते आणि काही महिन्यांनी पुन्हा सगळे फिरते. हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर?
— एक दुकानदार, निपाणी

उत्तर : श्रोत्यांची आवड पाहून केंद्राचा बाज ठरतो, हे अर्धेच खरे आहे. केंद्राला परवाना कोणत्या अटींवर मिळाला, त्याचा खर्च कोण भागवतो आणि त्याच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी किती लांब पोहोचतात, या तीन गोष्टी आधी ठरतात. श्रोत्यांच्या आवडीला जागा मिळते ती या चौकटीतच. आपल्या भागातील रेडिओचा इतिहास याच क्रमाने पाहिला, तर आज जे बदल मनमानी वाटतात त्यांची कारणे दिसू लागतात.

आकाशवाणीचे धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले, तेव्हा धारवाड आणि बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. रेडिओ ऐकणाऱ्यांचे जग मात्र त्या दिवशी बदलले नाही. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून आणखी लांब पोहोचतात. त्यामुळे ७६५ किलोहर्ट्झवर धारवाड, १२५१ वर सांगली, १२८७ वर पणजी आणि रात्र चढल्यावर ७९२ वर पुणे, अशी केंद्रे एकाच घरात, एकाच संचावर, थोडा काटा फिरवून ऐकता येत असत. सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. पणजीचे केंद्र पोर्तुगीज राजवटीत उभे राहिले होते आणि गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२ च्या जानेवारीपासून ते आकाशवाणीचे झाले. सीमाभागातील मराठी श्रोत्याला शेतीची माहिती एका केंद्रावरून, प्रादेशिक बातम्या दुसऱ्यावरून आणि रात्रीचे शास्त्रीय गायन तिसऱ्यावरून मिळे. धारवाड केंद्रात मल्लिकार्जुन मन्सूर संगीत सल्लागार होते. त्या केंद्रावरचा ख्याल ऐकण्यासाठी कन्नड यावे लागत नव्हते आणि आमच्या भागातील कित्येक मराठी घरांचा कान त्यावरच तयार झाला.

त्या काळी केंद्राचा खर्च सरकार भागवत असल्यामुळे बाज ठरवण्याचा अधिकारही सरकारचाच होता. दिवसभराचा आराखडा ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ या तक्त्यात महिनोन्‌महिने आधी पक्का केलेला असे. आपल्याला कार्यक्रमांच्या वेळा पाठ होत्या त्या यामुळेच. या पद्धतीत शिस्त होती, परंतु दूर बसलेल्या एका अधिकाऱ्याचे मत साऱ्या देशाच्या कानावर लादले जाण्याचा धोकाही होता. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती उठली नाही. ज्या बेळगावात रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या थोर पेटीवादकाने आयुष्यभर विद्यार्थी घडवले, त्या बेळगावच्या श्रोत्यांना सुमारे तीन दशके रेडिओवर पेटीचा सूर ऐकायला मिळू नये, हा मला आजही मोठा अन्याय वाटतो. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. त्यांचा हेतू शास्त्रीय संगीताला बळ देण्याचा होता आणि त्याचा काही लाभ निश्चितच झाला. परंतु गाण्यांची ओढ कमी झाली नाही. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अमीन सयानी यांच्या आवाजातील ‘बिनाका गीतमाला’ ऐकण्यासाठी बुधवारी संध्याकाळी ठिकठिकाणी लोक रेडिओभोवती जमू लागले.

या ओघाला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. आपण ज्याला आज केंद्राचा बाज म्हणतो, तसा एक निश्चित बाज घेऊन जन्मलेली ही आपल्याकडील पहिली मोठी सेवा होय : हलकेफुलके कार्यक्रम, चित्रपटगीते, छोट्या नाटिका आणि फर्माईश. सैनिकांच्या पसंतीची गाणी लावणारा ‘जयमाला’ हा तिचा कार्यक्रम बेळगावात विशेष आपुलकीने ऐकला जाण्याचे कारण उघड आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर येथे आहे आणि सीमाभागातील शेकडो घरांतील मुलगा, भाऊ किंवा दीर फौजेत असे.

मराठी केंद्रांवरील ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांचे कामकाजही जवळून पाहण्यासारखे असे. आलेली पोस्टकार्डे आधी गाण्यांनुसार वेगळी केली जात, एका गाण्याची कार्डे एकत्र लावली जात आणि गाणे लागण्यापूर्वी निवेदक त्यांतील नावे गावांसह वाचत असे. येळ्ळूर, नंदगड, हलशी, संकेश्वर, सदलगा अशी गावे उच्चारली गेली की त्या गावांत दिवसभर तोच विषय होई. गाणे तर कुठेही ऐकायला मिळते. परंतु आपल्या गावाचे नाव हवेतून येणे हे ‘स्थानिक’ या शब्दाचे खरे मोल होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

१ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि खर्च भागवणाऱ्यांमध्ये जाहिरातदार हा दुसरा पक्ष दाखल झाला. पुढील जवळजवळ सर्व बदल या घटनेच्या पोटातून निघालेले आहेत.

एफएम पद्धतीचे प्रक्षेपण आपल्या देशात २३ जुलै १९७७ रोजी मद्रासहून सुरू झाले, परंतु बरीच वर्षे ते काही मोठ्या शहरांपुरतेच राहिले. पुढे आकाशवाणीने जिल्ह्याच्या ठिकाणी लहान स्थानिक केंद्रे उभारली. आपल्या चहूबाजूंना कोल्हापूर, सातारा, कारवार आणि विजापूर येथे अशी एफएम केंद्रे आली. जिल्ह्यातील बोली, जिल्ह्यातील कलावंत आणि जिल्ह्यातील अडचणी यांना वेळ देणे हाच त्यांचा उद्देश होता आणि ज्यांनी त्या काळात कोल्हापूर केंद्र १०२.७ मेगाहर्ट्झवर ऐकले आहे, त्यांना त्यातील जवळीक आठवत असेल.

यानंतर खासगी केंद्रांचे पर्व आले. १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिन्यांवरील वेळ खासगी निर्मात्यांना देण्यास प्रारंभ केला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. १९९९ चे धोरण, २००० चा लिलाव आणि ३ जुलै २००१ रोजी बंगळूर येथे सुरू झालेले पहिले खासगी एफएम केंद्र, हा पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. त्या पहिल्या टप्प्यातील एका अटीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि आपल्या प्रश्नाचे मूळ बरेचसे तिथेच आहे. परवाना शुल्काची रक्कम बोलीने ठरली होती आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणार होती. केंद्राची कमाई झाली की नाही, याच्याशी तिचा संबंध नव्हता. असे ओझे डोक्यावर असलेला चालक भजन, कीर्तन, नाट्यसंगीत किंवा तालुक्यातील शेतकऱ्याची मुलाखत यांना वेळ देण्याचे धाडस करत नाही. जास्तीत जास्त कान ज्याकडे वळतील, तेच तो लावतो. म्हणून सर्वत्र नवी हिंदी चित्रपटगीते वाजू लागली. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात सुरुवातीला एकदाच भरायचे प्रवेश शुल्क आणि पुढे उत्पन्नाच्या ४ टक्के वार्षिक शुल्क अशी रचना आली, लहान शहरांतही केंद्रे निघाली आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी मराठी बोलणारी खासगी केंद्रे उभी राहू शकली. तेथील वाहिन्या निपाणी परिसरातही ऐकू येतात, त्यामुळे हा बदल आपणही अनुभवला असेल.

आता तासाभराच्या प्रसारणाची आखणी पाहू. खासगी केंद्रात तासाचा एक गोल आराखडा असतो आणि त्याला तिथे ‘क्लॉक’ म्हणतात. तासाच्या प्रारंभी केंद्राचे जिंगल, त्याला लागून सर्वांत चालणारे गाणे, मग आरजेचे म्हणजे निवेदकाचे जेमतेम अर्ध्या-पाऊण मिनिटाचे बोलणे, पुन्हा गाणी, मग जाहिरातींचा थांबा, असा क्रम त्यात आखलेला असतो. गाण्यांचे गट पाडलेले असतात. अगदी ताजी गाणी दर काही तासांनी परत येतात, वर्ष-दोन वर्षांपूर्वीची त्याहून कमी वेळा आणि जुनी आणखी कमी. कोणते गाणे कधी लागेल, हे संगणकावरील प्रणाली या नियमांनुसार लावून देते. जुनी गाणी वाढवायची ठरली, तर गटांचे प्रमाण बदलले की एका रात्रीत केंद्राचा बाज बदलतो. आपल्याला जो बदल अचानक आलेला वाटतो, तो बहुधा असा झालेला असतो. मागील तिमाहीत जाहिराती कमी आल्या किंवा शेजारच्या वाहिनीने तोच बाज उचलला, एवढे कारण त्याला पुरते.

आरजे का जातात, याचे उत्तर तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात आहे. २०११ च्या या धोरणाने एका कंपनीला स्वतःच्या सर्व केंद्रांवर एकच कार्यक्रम लावण्याची मुभा दिली. मोठ्या शहरातील एका स्टुडिओत बोललेले चार जिल्ह्यांत ऐकवले की चार निवेदकांचा पगार वाचतो. हिशेबाने हे योग्य असेल. श्रोत्याचे मात्र यात नुकसान आहे, कारण तवंदी घाटात कोंडी झालेली असताना आपल्या केंद्रावरचा आवाज त्या घाटाला ओळखतच नसतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. वाहतूक, हवामान, नैसर्गिक आपत्तीच्या सूचना, परीक्षांची माहिती आणि स्थानिक सांस्कृतिक कार्यक्रम हे विषय याच धोरणानुसार बातम्यांत मोडत नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, तेव्हा अशा स्थानिक सूचनांची गरज किती असते, हे निपाणीकरांना वेगळे सांगायला नको. म्हणजे नियमाने जागा ठेवलेली आहे. ती भरायला गावात माणूस हवा.

प्रश्न : चोर्ला घाटातून गोव्याला जाताना एकाच आकड्यावर आधी एक केंद्र लागते आणि वळण घेतले की दुसरेच. रेडिओत बिघाड आहे का?
— एक वाहनचालक, खानापूर तालुका

उत्तर : बिघाड नाही. एफएमच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की क्षीण होतात. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात सर्व केंद्रे बसवायची असल्याने एकच आकडा दूरदूरच्या शहरांना पुन्हा पुन्हा दिला जातो. एकाच आकड्यावर दोन केंद्रांच्या लहरी आल्या, तर एफएम संच त्यांतील प्रबळ तेवढी धरतो आणि दुसरी जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो. मध्यम लहरींवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू आले असते. घाटातील एका वळणात कोणती लहर प्रबळ आहे, हे बदलते आणि केंद्रही बदलते. आधीच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की, केंद्राची पोहोच अशी आखूड झाल्यामुळे जाहिरातदाराच्या लेखी श्रोता म्हणजे मनोऱ्याभोवतीचे शहर एवढाच उरतो. जांबोटी किंवा कणकुंबीच्या माणसाला गाणे ऐकू आले तरी तो त्या हिशेबात धरलेला नसतो.

प्रश्न : अमेरिकेत राहणारा माझा मुलगा सांगतो की, तिकडे एखादे एफएम केंद्र रात्रीत शास्त्रीय संगीत सोडून रॉक लावू लागते, नावसुद्धा बदलते. तिकडे श्रोत्यांना काही अधिकार नाही का?
— एक निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे खरे आहे आणि या विषयावर तिकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा झालेला आहे. ठरावीक लोकप्रिय गाणी वारंवार वाजवण्याची पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकात रुजली. ओमाहा येथील केंद्राचे मालक टॉड स्टॉर्झ हे तिच्या प्रवर्तकांपैकी एक मानले जातात. तोपर्यंत एफएम हे मध्यम लहरींवरील कार्यक्रमच पुन्हा ऐकवणारे दुय्यम माध्यम होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास तेथील नियामक आयोगाने मोठ्या शहरांतील एफएम केंद्रांना किमान निम्मा वेळ स्वतंत्र कार्यक्रम देण्याचे बंधन घातले आणि त्यातून एफएमवर वेगवेगळे बाज फुलले.

न्यूयॉर्कचे डब्ल्यूएनसीएन हे शास्त्रीय संगीताचे केंद्र होते. १९७४ मध्ये मालकांनी ते रॉक संगीताचे केले आणि नावही बदलले. श्रोत्यांनी संघटना स्थापन करून दाद मागितली. पुढच्याच वर्षी केंद्राची मालकी बदलली आणि शास्त्रीय संगीत परत आले. परंतु केंद्राचा बाज बदलताना आयोगाने श्रोत्यांचे हित तपासावे की नाही, हा मूळ प्रश्न शिल्लक राहिला. १९८१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, कार्यक्रमांचे वैविध्य बाजाराच्या नियमांवर सोडण्याचे आयोगाचे धोरण कायद्याला धरून आहे, असे ठरवले. १९९३ च्या अखेरीस ते केंद्र पुन्हा रॉककडे गेले आणि या वेळी शास्त्रीय संगीत तेथे परतले नाही. मला या प्रकरणातील श्रोत्यांची चिकाटी फार मोलाची वाटते. त्यांच्यामुळे निदान अठरा वर्षे ते संगीत त्या लहरीवर टिकले. आपल्याकडेही खासगी केंद्राने कोणती गाणी किती लावावीत, हे परवाना ठरवत नाही. सामुदायिक रेडिओ हा मात्र याला अपवाद आहे आणि पुढील प्रश्न त्याविषयीच आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटातील बायकांना वाटते की भात, काजू, जनावरांचे आजार, मुलींचे शिक्षण यांवर आमच्याच बोलीत काही ऐकायला मिळावे. कोणत्याच केंद्राचा बाज आमच्यासाठी नाही. काही मार्ग आहे का?
— एका महिला बचत गटाच्या सचिव, नंदगड परिसर

उत्तर : मार्ग आहे आणि त्याला जुना, भक्कम आधारही आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत एक प्रयोग केला. गावकऱ्यांचे गट आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, लगेच त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा कार्यक्रम ऐकून चर्चा करणाऱ्या गावांतील लोकांच्या माहितीत इतर गावांच्या तुलनेत ठळक वाढ झालेली आढळली. चर्चेची आणि प्रश्न पाठवण्याची सोय असल्यामुळेच हे घडले, असे मी मानतो.

आजच्या काळात याच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे सामुदायिक रेडिओ. २००२ च्या धोरणाने तो शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने नफा न कमावणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना खुला झाला. साधारणपणे १०० वॉटच्या प्रभावी शक्तीमुळे त्याची पोहोच थोड्याच किलोमीटरांची असते. परंतु निम्मे कार्यक्रम त्याच परिसरातील लोकांच्या सहभागाने तयार झालेले असावेत आणि शक्यतो स्थानिक भाषेत किंवा बोलीत असावेत, ही त्याच्या परवान्याचीच अट आहे. मालकाला वाटले म्हणून रातोरात त्याचा बाज बदलता येत नाही. जाहिरातींना २०२४ पासून ताशी १२ मिनिटांची मर्यादा आहे. बेळगावात केएलई संस्थेचा ‘वेणुध्वनी’ हा सामुदायिक रेडिओ ९०.४ मेगाहर्ट्झवर आहे.

बचत गटाने एकदम स्वतःच्या केंद्रामागे लागू नये, असा माझा सल्ला आहे. परवान्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी आणि नोंदणीकृत असावी लागते, शिवाय मनोरा, वीज आणि रोज कार्यक्रम देणारी माणसे यांचा खर्च नित्याचा असतो. आधी आपल्या बायकांनी मोबाइलवर पंधरा-पंधरा मिनिटांचे चार-पाच भाग ध्वनिमुद्रित करावेत. एका भागात एकच विषय ठेवावा. उदाहरणार्थ, रोपलावणीनंतर भातावर पडणारा करपा. त्यात अनुभव असलेली एक बाई बोलावी, दुसरीने तिला प्रश्न विचारावेत आणि कृषी विज्ञान केंद्रातील जाणकाराकडून त्यातील माहिती तपासून घ्यावी. हे भाग घेऊन सामुदायिक रेडिओच्या आणि आकाशवाणीच्या कार्यक्रमप्रमुखांना प्रत्यक्ष भेटावे आणि आठवड्यातील एक ठरावीक वार आणि वेळ मागावी. ‘मराठी कार्यक्रम वाढवा’ या विनंतीला उत्तर देणे अधिकाऱ्याला अवघड जाते. ‘गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजता हा तयार भाग लावा’ याला हो किंवा नाही म्हणावेच लागते. नकार आला, तर तो लेखी मागून घ्यावा आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी. त्यातील कारण पाहून पुढचा अर्ज कसा लिहावा, हे याच सदरातून सांगू.